फिजीचे शांतिरक्षणातील योगदान
दक्षिण पॅसिफिक महासागरातील फिजी या सुमारे नऊ लाख लोकवस्तीच्या द्वीपराष्ट्राने आंतरराष्ट्रीय शांतिदलांना पुरविलेले सैन्यसाहाय्य. १९७० मध्ये स्वतंत्र झालेल्या फिजीने १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दक्षिण लेबाननमधील अंतरिम दलात (पहा : लेबानन) पलटण धाडली, ती २००२ पर्यंत तेथे होती. ईजिप्त-इझ्राएल करारानंतर सिनाईत स्थापन झालेल्या बहुराष्ट्रीय दलात फिजीचे सैनिक १९८२ पासून आहेत. हे दल मात्र संयुक्त राष्ट्रांच्या अखत्यारीत नाही. नाके, निरीक्षण चौक्या व गस्त सांभाळणारे पायदळ हे या साहाय्याचे मुख्य अंग. त्यात मूळ फिजीवासीयांचे प्रमाण मोठे असून भारतीय वंशीयांचे (पहा : गिरमिटिया) अत्यल्प आहे.

या सेवेतील सर्वांत भीषण घटना १८ एप्रिल १९९६ ची. दक्षिण लेबाननमधील काना येथील फिजी पलटणीच्या तळावर इझ्राएली तोफगोळे पडून तेथे आश्रयास आलेले शंभरहून अधिक लेबानी नागरिक मृत्यू पावले. २०१४ मध्ये गोलान टेकड्यांवर (पहा : सिरिया) संयुक्त राष्ट्रांच्या दलातील ४५ फिजी सैनिकांना नुस्रा फ्रंट या सशस्त्र गटाने पकडले, सुमारे दोन आठवड्यांनी ते सुटले.

लोकसंख्येच्या मानाने हे योगदान असामान्य होय. परदेशी तैनातीतील वेतन अनेक कुटुंबांचा आधार ठरले. फिजीतील १९८७ च्या लष्करी उठावांचे नेते सितिवेनी राबुका यांनी त्यापूर्वी लेबाननमधील पलटणीचे नेतृत्व केले होते.