क्यूसेकची कुळकथा

मुठेला पूर आला आणि खडकवासल्याच्या धरणांतून पाणी सोडलें म्हणजे पुण्याच्या घराघरांत एक शब्द ऐकूं येतो: क्यूसेक. पंचवीस हजार क्यूसेक म्हटलें कीं नदीकांठचीं माणसें सामान आवरूं लागतात. परंतु तें पाणी म्हणजे नेमकें किती, हें सांगणारा विरळा.

हा शब्द म्हणजे ‘क्यूबिक फूट पर सेकंद’ या इंग्रजी पदावलीचा संक्षेप. एका सेकंदांत एक घनफूट पाणी वाहिलें म्हणजे तो एक क्यूसेक. खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयास त्या काळीं ‘लेक फाइफ’ म्हणत. तेव्हांच्या इंजिनियराचें सारें जग फुटांचें होतें. कालव्यांतील पाण्याची रुंदी फुटांत, खोली फुटांत, वेग सेकंदास किती फूट तो. तिन्हींचा गुणाकार केला कीं क्यूसेक हातीं येत. एका क्यूसेकवर किती एकर भिजते, यावरून कालव्याची योग्यता ठरे.

शहराच्या पाण्याची भाषा मात्र निराळी. मुंबईला विहारचें पाणी १८६० सालीं मिळूं लागलें, आणि हा हिशेब दिवसास किती गॅलन असा चाले. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हां रोजचे दहा लक्ष गॅलन म्हणजे सुमारें १.८६ क्यूसेक. त्यांतच गॅलनहि दोन! इंग्लंडनें १८२४ सालीं दहा पाउंड पाण्याचा नवा गॅलन ठरविला, तर अमेरिकेनें २३१ घनइंचांचा जुना मद्याचा गॅलनच ठेवला. पहिला ४.५४६ लिटरचा, दुसरा ३.७८५ लिटरचा. अमेरिकन पंपावरील आंकडा इंग्रजी गॅलन समजून वाचला, तर एक षष्ठांश पाणी कागदावरच राहतें.

१९५६ सालीं हिंदुस्थानांत मेट्रिक मापांचा कायदा झाला व १९५८ च्या आक्टोबरपासून तो टप्प्याटप्प्यानें अमलांत आला. शेर गेला, मण गेला. क्यूसेक गेला नाहीं. वास्तविक त्याचें रूपांतर कठीण नाहीं. सेकंद दोहोंकडे तोच; बदलावयाचा तो फूट. १९५९ पासून तो बरोबर ०.३०४८ मीटर मानला जातो. त्याचा घन केला म्हणजे एक क्यूसेक सेकंदास २८.३१७ लिटर इतका भरतो, आणि ३५.३१ क्यूसेकचा एक घनमीटर होतो. घन करावयाचें विसरून एकदांच ३.२८ नें भागणाराची गत विलक्षण होते: पंचवीस हजार क्यूसेकचे ७०८ घनमीटर व्हावयाचे, ते साडेसात हजारांवर जातात, पूर दसपटीहून मोठा!

मग क्यूसेक टिकला कां? केवळ संवयीनें नव्हे. धरणाचा सांठा टी.एम.सी.मध्यें, म्हणजे शंभर कोटी घनफुटांत, मोजतात. ११,५७४ क्यूसेकनें एक दिवस पाणी वाहिलें कीं एक टी.एम.सी. पुरा होतो. सांठा आणि प्रवाह या दोन्ही हिशेबांस फुटानेंच जोडलें आहे; एकास हात लावला कीं दुसराहि हलतो. शिवाय तंटे त्याच मापांत मिटले आहेत. बचावत लवादानें कृष्णेचें २,०६० टी.एम.सी. पाणी वांटलें: महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७००, आंध्रास ८००. हे आंकडे घनमीटरांत लिहावयाचे तर किती दशांशस्थळें धरावयाचीं, हाच नवा वाद. टी.एम.सी.मागें २८.३१७ ऐवजीं २८.३ दशलक्ष घनमीटर धरले, तर एकूण वांटपांत सुमारें ३५ दशलक्ष घनमीटरांचा फरक पडतो. खडकवासल्याच्या उपयुक्त सांठ्याच्या निम्म्याहून तें पाणी अधिक आहे.