‘इंदूर पद्धत’ आणि आपले वाड

जगभरात सेंद्रिय शेती करणाऱ्यांना इंदूर हे नाव माहीत असते ते राजवाड्यामुळे किंवा सराफ्यामुळे नव्हे, तर खतामुळे. आम्हा इंदूरकर मराठी मंडळींना मात्र हे फारसे ठाऊक नसते.

1924 मध्ये इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संशोधन संस्था सुरू झाली. होळकर दरबाराने सुमारे 300 एकर जमीन दिली, पैसा इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने आणि मध्य भारतातील काही संस्थानांनी दिला. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. मूळ काम कापसाचे; पण हॉवर्डसाहेबांचे लक्ष गेले ते पऱ्हाटीकडे. कापूस वेचून झाला की आपले शेतकरी ती चुलीत घालतात आणि शेणाच्या गोवऱ्या थापतात. मग जमिनीला उरते काय?

उपाय साधा होता. कडक पऱ्हाट्या रस्त्यावर अंथरायच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चुरडल्या जात. (यंत्राचा खर्च शून्य!) 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि जेमतेम 2 फूट खोल खड्ड्यात हा चुरा, पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मुतारीची माती आणि राख यांचे थर रचायचे, पाणी शिंपायचे व ठरावीक दिवसांनी तीनदा उलथापालथ करायची. खड्डा उथळ ठेवायचा, कारण आत हवा खेळली पाहिजे. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार.

1931 मध्ये या प्रयोगांवर इंग्रजी पुस्तक निघाले. त्यावर दोन नावे आहेत : हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेतील रसायन विभागाचे मुख्य सहायक. त्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले, पुढे ‘सर’ झाले, सेंद्रिय शेतीचे जनक म्हणवले गेले. वाड मात्र तळटिपेत राहिले. सरकारी नोकरीत असल्याने आम्हाला याचे नवल वाटत नाही, वाईट मात्र वाटते. आमच्या मते ‘इंदूर पद्धती’चे श्रेय दोघांचे आहे, शिवाय खड्डे उलथणाऱ्या मजुरांचेही.

1935 साली हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेले गांधीजी हे खत पाहायला मुद्दाम संस्थेत गेले होते आणि ‘हरिजन’मधून त्यांनी या पद्धतीचा प्रचार केला.

त्याच जागी आज आपले ॲग्रीकल्चर कॉलेज आहे, ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाशी संलग्न. शहर चहूबाजूंनी वाढले आणि ही जमीन मध्येच आली, त्यामुळे तिच्यावर अनेकांचा डोळा असतो. 2022 मध्ये ती वाचवण्यासाठी विद्यार्थी आंदोलनाला बसले. प्रयोगाची जमीन दुसरीकडे देता येते, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की मातीवरच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्याच मातीच्या असतात. त्या टेम्पोत घालून नेता येत नाहीत.

यंदा मंडपाशेजारी निर्माल्यासाठी वेगळे पिंप ठेवले आहे. हार टाकण्यापूर्वी दोरा आणि प्लॅस्टिक काढून घ्यावे, ही विनंती.