खाणीतील मृत्यू आणि वृत्तांकनातील लिंगभेद

धनबादजवळील चासनाला कोळसा खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसून साडेतीनशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. 'कामगार' हा शब्द चुकीचा नाही. मात्र त्यामागे एक वस्तुस्थिती झाकली जाते. १९५२ च्या खाण अधिनियमातील कलम ४६ नुसार स्त्रियांना भूगर्भातील कामास मनाई होती. साहजिकच तेथील मृत्यूचा धोका कायद्यानेच पुरुषांच्या वाट्यास आला होता.

अपघातातील मृतांत स्त्रिया असल्यास बातमीत तसा उल्लेख आवर्जून होतो. सर्व मृत पुरुष असल्यास मात्र ते केवळ 'कामगार' वा 'मजूर' ठरतात. मराठीत 'स्त्री-कामगार' हा शब्द रूढ आहे, 'पुरुष-कामगार' क्वचितच आढळतो. अमेरिकेत कामावरील प्राणघातक अपघातांच्या बळींत ९० टक्क्यांहून अधिक पुरुष असतात, असे तेथील सरकारी आकडेवारी सांगते. बांधकाम, वाहतूक, वृक्षतोड, मासेमारी अशा जोखमीच्या कामांत पुरुषांचीच बहुसंख्या, हे त्याचे प्रमुख कारण होय.

भारतात २०१९ मध्ये केंद्र सरकारने भूमिगत खाणींतील तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामे काही अटींवर स्त्रियांना खुली केली. त्या वेळी चर्चा झाली ती स्त्रियांना मिळालेल्या संधीची. ती योग्यच होती. परंतु स्त्रियांसाठी दीर्घकाळ असुरक्षित मानलेली जागा पुरुषांसाठी सुरक्षित कशी, हा प्रश्न मागे राहिला. बळींचे लिंग नोंदविण्याचा हेतू स्त्री-पुरुषांच्या दुःखाची तुलना करणे हा नसून धोक्याचे कारण शोधणे हा आहे.