टी८०० आणि आय८६० प्रक्रियकांची तुलना

इनमॉस टी८०० आणि इंटेल आय८६० हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आलेले दोन सूक्ष्मप्रक्रियक आहेत. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) 'परम' मालिकेतील पहिल्या दोन महासंगणकांत ते वापरले. परम ८००० हा टी८०० कुळातील प्रक्रियकांवर आधारलेला होता, तर परम ८६०० मध्ये टी८०० च्या जोडीला आय८६० घेण्यात आला. कागदावरील गती पाहता आय८६० कित्येक पटींनी वेगवान ठरतो. प्रत्यक्ष कामात मात्र हे अंतर बरेच कमी होते. प्रक्रियकाची कमाल गती आणि सलग गती यांतील फरक समजून घेण्यासाठी ही जोडी उपयुक्त उदाहरण ठरते.

== पार्श्वभूमी ==

१९८० च्या दशकात अमेरिकेच्या निर्यात निर्बंधांमुळे भारताला क्रे कंपनीचे महासंगणक मिळवण्यात अडचणी आल्या. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्याकडे तिचे नेतृत्व आले. तीन वर्षांत एक गिगाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी अपूर्णांकी क्रिया करू शकणारा संगणक उभारणे हे संस्थेचे उद्दिष्ट होते. क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रक्रियक घडवण्याऐवजी बाजारात मिळणारे अनेक लहान प्रक्रियक जोडून समांतर संगणक बांधण्याचा मार्ग संस्थेने निवडला. त्यामुळे कोणता प्रक्रियक निवडावा आणि त्याची गती कशी मोजावी, हे प्रश्न प्रकल्पाच्या केंद्रस्थानी आले.

== रचना ==

=== टी८०० ===

ब्रिस्टल येथील इनमॉस कंपनीने १९८७ मध्ये टी८०० सादर केला. 'ट्रान्सप्युटर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुळातील हा प्रक्रियक होय. त्यात ३२-बिटी पूर्णांक विभाग, ६४-बिटी अपूर्णांक विभाग, ४ किलोबाइट स्मृती आणि चार दुहेरी दुवे हे सारे एकाच चिपवर होते. या दुव्यांमुळे इतर कोणत्याही साहित्याशिवाय एक ट्रान्सप्युटर शेजारच्या चार ट्रान्सप्युटरांना थेट जोडता येई. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळण्यास त्याला एक मायक्रोसेकंदही लागत नसे.

=== आय८६० ===

इंटेलने १९८९ मध्ये सादर केलेल्या आय८६० मध्ये दहा लाखांहून अधिक ट्रान्झिस्टर होते. त्यात ४ किलोबाइटची आदेश-कॅश आणि ८ किलोबाइटची विदा-कॅश होती. एकाच वेळी एक पूर्णांक आदेश आणि एक अपूर्णांक आदेश चालवण्याची सोय होती. बेरीज आणि गुणाकार यांच्या पाइपलाइनही स्वतंत्र होत्या. या पाइपलाइन भरलेल्या ठेवण्याची जबाबदारी प्रामुख्याने आज्ञावलीवर, पर्यायाने कंपायलरवर होती. इतर प्रक्रियकांशी जोडणारे दुवे त्यात नव्हते. काम बदलताना पाइपलाइनमधील अर्धवट मजकूर जतन करावा लागे व त्यात प्रतिकूल परिस्थितीत दोन हजारांच्या आसपास आवर्तने खर्च होत.

{| 
! घटक !! टी८०० !! आय८६०
|-
| सादर झाल्याचे वर्ष || १९८७ || १९८९
|-
| तुलनेसाठी घेतलेली घड्याळगती || २० मेगाहर्ट्झ || ४० मेगाहर्ट्झ
|-
| निर्मात्याने दिलेली गती || १.५ मेगाफ्लॉप्स (सलग) || ८० मेगाफ्लॉप्स (कमाल)
|-
| बाह्य स्मृतीशी देवाणघेवाण || सेकंदाला सुमारे २६.७ मेगाबाइट || सेकंदाला १६० मेगाबाइट
|-
| चिपवरील दुवे || चार || नाहीत
|}

== कमाल गती ==

घड्याळगतीवरून पाहिले तर आय८६० टी८०० च्या दुप्पट वेगवान ठरतो. निर्मात्यांच्या मेगाफ्लॉप्सवरून पाहिले तर पन्नास पटींहून अधिक. मात्र हे दोन आकडे एकाच प्रकारचे नाहीत. इनमॉसचा आकडा सलग गतीचा आहे, तर इंटेलचा कमाल गतीचा.

खुद्द आय८६० च्या कमाल गतीचेही तीन आकडे आढळतात. ३२-बिटी संख्यांवर बेरीज आणि गुणाकार दर आवर्तनाला प्रत्येकी एक पूर्ण होत असल्याने ती ८० मेगाफ्लॉप्स भरते. ६४-बिटी संख्यांचा गुणाकार दोन आवर्तनांतून एकदाच होतो, त्यामुळे ती ६० पर्यंत उतरते. तीही एका गुणाकारामागे दोन बेरजा असतील तरच. बेरजा आणि गुणाकार समसमान असल्यास ६४-बिटी कमाल गती ४० मेगाफ्लॉप्स राहते. अभियांत्रिकी आणि हवामानाच्या गणितांत सामान्यतः ६४-बिटी संख्या वापरल्या जात असल्याने जाहिरातीतील ८० हा आकडा त्यांना लागू पडत नसे. हाताने लिहिलेल्या असेम्ब्ली आज्ञावलीतून सुमारे ४० मेगाफ्लॉप्सपर्यंत गती मिळे; त्या काळच्या बहुतेक कंपायलरांना १० मेगाफ्लॉप्स गाठणेही कठीण जाई.

== स्मृतीची मर्यादा ==

दोन लांब याद्यांतील ६४-बिटी संख्यांची बेरीज करून तिसरी यादी तयार करायची असल्यास प्रत्येक बेरजेसाठी दोन संख्या वाचाव्या आणि एक लिहावी लागते, म्हणजे २४ बाइटांची ने-आण होते. याद्या कॅशमध्ये मावत नसतील तर स्मृतीच्या वेगामुळे आय८६० ला सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ६७ लाख बेरजा करता येतात आणि टी८०० ला सुमारे ११ लाख. या मर्यादेत दोघांमधील अंतर सहा पटींचे उरते. आय८६० ची गणनशक्ती अशा वेळी बव्हंशी विदेची वाट पाहण्यात जाते.

याउलट मोठ्या सारणींच्या गुणाकारात कॅशमध्ये आणलेली संख्या पुनःपुन्हा वापरता येते, म्हणून तेथे आय८६० चमकतो. अमेरिकेतील ५१२ आय८६० नोडांच्या टचस्टोन डेल्टा या यंत्राने लिनपॅक चाचणीत २०.४८ गिगाफ्लॉप्स कमाल गतीपैकी १३.९ गिगाफ्लॉप्स प्रत्यक्षात मिळवल्या. म्हणजेच दोन प्रक्रियकांमधील अंतर हे प्रक्रियकांइतकेच त्यांना दिलेल्या कामावरही अवलंबून असते.

== दळणवळणाची मर्यादा ==

समांतर संगणकात गणनेइतकेच महत्त्व नोडांमधील संवादाला असते. टी८०० चा प्रत्येक दुवा सेकंदाला २० मेगाबिट गतीने चालत असला, तरी प्रत्येक बाइटासोबत जाणाऱ्या नियंत्रण-बिटांमुळे व पोचेमुळे एका दिशेने सुमारे १.७ मेगाबाइट विदाच जाऊ शके. या हिशोबाने एक ६४-बिटी संख्या पाठवण्यास सुमारे ४.७ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात १.५ मेगाफ्लॉप्स गतीचा टी८०० सुमारे ७ क्रिया करतो, तर १० मेगाफ्लॉप्स गतीने चालणारा आय८६० सुमारे ४७. प्रक्रियक वेगवान झाला आणि दुवे तेच राहिले, तर वाट पाहण्यात वाया जाणाऱ्या क्रियांची संख्या वाढते.

समजा, एखाद्या कामाला लागणाऱ्या १० सेकंदांपैकी ८ सेकंद गणनेत आणि २ सेकंद संवादात जातात. गणना आठपट वेगवान केली, तरी एकूण वेळ ३ सेकंद होतो आणि काम आठपट नव्हे, तर सुमारे ३.३ पट लवकर संपते. गणना कितीही वेगवान केली तरी वेळ २ सेकंदांच्या खाली येत नाही. हे तत्त्व ॲमडालचा नियम म्हणून ओळखले जाते.

== परम संगणकांतील वापर ==

परम ८००० हा १९९१ मध्ये सादर झाला. २५६ नोडांपर्यंत वाढवता येणाऱ्या या यंत्राची कमाल गती एक गिगाफ्लॉप्स होती. प्रत्यक्ष कामात मिळणारी गती १०० ते २०० मेगाफ्लॉप्स होती. म्हणजे कमाल आणि सलग गतीतील दरी टी८०० वरील यंत्रालाही चुकली नव्हती.

१९९२ मध्ये आलेल्या परम ८६०० मध्ये सी-डॅकने एक प्रक्रियक टाकून दुसरा घेण्याऐवजी दोघांत काम वाटून दिले. प्रत्येक आय८६० मागे चार ट्रान्सप्युटर ठेवण्यात आले. जड गणना आय८६० ने करावी आणि संवाद ट्रान्सप्युटरांनी सांभाळावा, अशी ही विभागणी होती. 'परास' ही आज्ञावली-प्रणाली दोन्ही यंत्रांवर समान ठेवल्याने वापरकर्त्यांना आज्ञावल्या नव्याने लिहाव्या लागल्या नाहीत. परम ८६०० चा एक समूह परम ८००० च्या चार समूहांइतका शक्तिशाली असल्याचे नोंदवले गेले. प्रक्रियकांच्या जाहीर आकड्यांतील पन्नास पटींच्या अंतराशेजारी हा चारपटींचा आकडा ठेवला, की चिपच्या आणि यंत्राच्या गतीतील फरक स्पष्ट होतो.

याच काळात मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानेही आपल्या 'अनुपम' या समांतर संगणकासाठी आय८६० निवडला. तेथे नोड जोडण्यासाठी ट्रान्सप्युटरऐवजी मल्टिबस-२ या बसचा वापर करण्यात आला.

== नंतरचा काळ ==

दोन्ही प्रक्रियकांची कुळे पुढे खंडित झाली आणि परम मालिका स्पार्क व पॉवर प्रक्रियकांकडे वळली. कमाल आणि मोजलेली गती शेजारी-शेजारी देण्याची पद्धत मात्र रूढ झाली. जून २००३ च्या टॉप५०० यादीत १७१ व्या स्थानी असलेल्या परम पद्मची कमाल गती ९९२ आणि लिनपॅक गती ५३२ गिगाफ्लॉप्स होती, म्हणजे सुमारे ५४ टक्के. पुण्यातच उभारलेल्या 'एका' या टाटा समूहाच्या महासंगणकाने नोव्हेंबर २००७ मध्ये १७०.९ पैकी ११७.९ टेराफ्लॉप्स, म्हणजे सुमारे ६९ टक्के गती मिळवून त्या यादीत चौथे स्थान पटकावले.

== हे सुद्धा पहा ==

* परम (महासंगणक)
* प्रगत संगणन विकास केंद्र
* ट्रान्सप्युटर
* ॲमडालचा नियम