खर्जाची तार : किराण्याचा स्वर आणि मिरजेचा तंबोरा

१/ नागपूर असो वा धारवाड, मैफलीत श्रोत्यांचे डोळे गायकावर खिळलेले असतात. मागे बसून तंबोरा छेडणाऱ्याकडे क्वचितच लक्ष जाते. तरीही त्याच्या चौथ्या तारेतून निघणाऱ्या खर्जाच्या षड्जावर सारे गायन उभे असते. त्या तारेवर जीव जडलेल्या एका गायकाची आणि एका गावाची ही कथा.

२/ उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचा जन्म उत्तरेतील कैरानाचा. पुढे ते मिरजेत स्थायिक झाले. ते बीन वाजवीत, वाद्ये स्वतः दुरुस्त करीत. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांच्या श्रुतिसंशोधनातही त्यांचा सहभाग होता.

३/ मिरजेत वाद्यनिर्मिती त्यांच्याही आधीची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांसारखे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्यांकडे वळले. भोपळा येई पंढरपूर-मंगळवेढ्याकडून.

४/ तंबोऱ्याची खरी कसोटी जवारीत. घोडीचा पृष्ठभाग कानसेने किंचित उतरता घासतात आणि तार व घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तार झंकारते. उत्तम जुळलेल्या खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो, जरी एकही तार गंधारात लावलेली नसते.

५/ सुराच्या शुद्धतेचा हा ध्यास किराणा घराण्याची ओळख ठरला. खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका ऐकून भारावलेल्या भीमसेन जोशींनी १९३३ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. अखेर त्यांना गुरू लाभले ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व. पुढे मिरजेच्या कारागिरांनी भीमसेनांसाठीही तंबोरे घडवले. गायकावरचे प्रेम असे त्याच्या पाठीमागच्या वाद्यापर्यंत पोहोचते.

६/ २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला संरक्षण लाभले, कानाला नव्हे. मोबाइलमधील तंबोरा एका स्पर्शात सुरू होतो आणि कधी उतरत नाही. म्हणूनच तो जुळवावाही लागत नाही. खर्ज ऐकत तार जुळवणारे विद्यार्थी उरले नाहीत, तर जवारी काढणाऱ्या हातांना काम कोण देणार? खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी गाणे होते. तिथे जाणाऱ्याने एकदा डोळे मिटून मागची तार ऐकावी.