पर्जन्याचा दृष्टान्त

अहमदपूरच्या माळावर बसून ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य वाचणाऱ्यास त्यातील एक दृष्टान्त अडखळवितो. बालाघाटाच्या ह्या टापूत पाऊस ही गृहीत धरावयाची वस्तु नव्हे. आणि आचार्यांनी ईश्वराच्या न्यायाचे समर्थन नेमके पावसाच्या आधारे केले आहे.

प्रसंग दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातील आहे. जगात एक सुखी तर दुसरा दुःखी. मग ईश्वराच्या ठायी वैषम्य म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा, हे दोष येत नाहीत काय, असा पूर्वपक्ष. त्यावर उत्तर असे, की पर्जन्य सर्व शेतांवर सारखाच पडतो; भात उगवावा की जव, हे बीजावर अवलंबून असते. त्याचप्रमाणे ईश्वर हे साधारण कारण आणि ज्याचे त्याचे कर्म हे बीज. पहिले कर्म कोठून आले, असे विचारावे, तर संसार अनादि आहे, असे लगेच पुढल्या सूत्रात सांगितले आहे. एकेका जीवापुरते हे उत्तर अभेद्य वाटते. परंतु जेथे पर्जन्यच पडत नाही, तेथे बीजाला बोल कसा लावावयाचा?

इ. स. 1630 ते 1632 ह्या काळात गुजराथ व दख्खन ह्या दोन्ही प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. त्याच सुमारास शहाजहानच्या फौजा दख्खनेत वावरत होत्या. अस्मानीला सुलतानीची जोड मिळाली. देहूस तुकोबांचा व्यापार बुडाला आणि त्यांची प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. पुढे तुकोबांनी एका अभंगात त्या दिवाळ्याला आणि त्या दुष्काळाला बरेच म्हटले आहे. कारण त्यांनीच त्यांस देवाकडे वळविले. त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि जो वाचला त्याने आपत्तीचे उपकार मानणे निराळे. जी भाकरीवाचून गेली, तिच्या वतीने ते कोणी मानावयाचे? हा अभंग मला दर वेळी थोर वाटतो आणि दर वेळी अपुरा वाटतो.

दुःख हे शिक्षा आहे, असे म्हणणारे सगळेच काही जुन्या मताचे नव्हते. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारात भूकंप झाला, तेव्हा ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा होय, असे गांधीजींनी सांगितले. रवीन्द्रनाथांनी त्यास हरकत घेतली. भौतिक उत्पातास भौतिकच कारणे असतात, हे तर ते म्हणालेच. शिवाय असा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच अधिक शोभेल, असा टोलाही त्यांनी लगावला. गांधीजींनी ते पत्रक आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापले, हे विशेष. वाद मात्र मिटला नाही.

ह्याच लातूर जिल्ह्यात 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. गणपतीचे विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. सुमारे दहा हजार माणसे दगावली. आम्ही असे काय पाप केले होते, हा प्रश्न त्या प्रसंगी ओठांवर येणे स्वाभाविक होते. पण मृत्यूने निवड कशी केली ते पाहावे. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशा घरांत निजलेले चिरडले गेले. हलक्या छपराखालचे आणि उघड्यावरचे बहुधा बचावले. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवावे म्हणून काळजीने रचलेले छतच मारक ठरले. आता ह्या भिंतींचे आणि त्यांत निजलेल्या तान्ह्या मुलाच्या संचिताचे नाते कोणत्या प्रमाणाने जोडावयाचे? कर्मवादी म्हणेल, त्या घरी जन्म मिळाला हेच संचित. ते खोडून काढता येत नाही, हे खरे; आणि मला तर तेच त्याचे वैगुण्य वाटते.

भूकंपशास्त्रज्ञांच्या नकाशात तोवर हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. पुढे 2002 साली तो नकाशा बदलण्यात आला.