जुन्या मारुती ८०० चा इंडिकेटर स्विच कसा बदलायचा?

मारुती ८०० चं उत्पादन १९८३ ते २०१४ पर्यंत चाललं. छत्रपती संभाजीनगरात ती अजूनही दिसते. जालना रोडवर मागे ट्रक असताना उजवीकडे वळायचं आणि इंडिकेटर बंद, हे जिवावर बेतू शकतं.

पण लगेच नवा स्विच आणू नका. आधी हॅझर्ड लावा. चारही दिवे उघडझाप करत असतील तर बल्ब ठीक आहेत. मग इंडिकेटरचा फ्यूज बघा. तोही चांगला असेल तर संशय स्विचवर. एकाच बाजूला भरभर टिकटिक होत असेल तर बहुधा तिथला बल्ब गेलाय. वळण संपल्यावर दांडी आपोआप परत येत नसेल, तर स्विचमधला प्लास्टिकचा दात झिजलेला असतो. (आम्ही कोडमधला बगही असाच शोधतो.)

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकं सरळ ठेवा. हॉर्नचं झाकण काढलं की मोठा नट दिसतो. तो सैल करा, पण दोन-तीन आटे राहू द्या. नाहीतर ओढताना स्टेअरिंग थेट तोंडावर येतं. शाफ्ट आणि स्टेअरिंगवर मार्करने एक रेघ मारा, म्हणजे परत बसवताना ते वाकडं बसणार नाही. मग स्टेअरिंग, कॉलमचं कव्हर, कनेक्टर आणि स्विच या क्रमाने काढा. जुना स्विच दुकानात सोबत न्या, कनेक्टर जुळवून घ्या.

नट मात्र मेकॅनिककडून टॉर्क रेंचने आवळून घ्या. आणि एअरबॅगवाल्या गाडीत यातलं काहीच घरी करू नका.